अकरा नग, उलटे मोजलेले

कपाटमामाचं खरं नाव आठवायला त्याच्या बायकोलाही जरा डोकं खाजवावं लागे. कपाट लोखंडी असो, लाकडी असो, नाहीतर जिन्यातून कोणत्याच बाजूने न निघणारं असो, मामा त्याच्याभोवती एक चक्कर मारायचा, तीन ठिकाणी टकटक करायचा, आणि पाऊण तासात त्याच्या फळ्या होऊन खाली. म्हातारं माणूस गेलं, मुलांना सामान नको, घर विकायचंय, की मामा कामाला होता त्या कंपनीला फोन यायचा. तीस वर्षं त्याने मेलेल्यांची घरं रिकामी केली, पण एक टाचणीही कधी खिशात घातली नाही.

त्याचा एक नियम होता. कागद सापडला तर वाचायचा नाही. उलटा धरून मोजायचा, पावतीवर ‘कागद, नग इतके’ असं लिहायचं, घरच्यांच्या हातात ठेवायचा आणि सही घ्यायची. त्यालाही कारण घडलं होतं. उमेदीच्या दिवसांत एका वारलेल्या आजोबांच्या कपाटातलं पत्र वाचून त्याने भरल्या घरात विचारलं होतं, “ही कोण हो बाई, जिला अजून आजोबांची शपथ आहे?” आजींनी तिथल्या तिथे नवऱ्याची तसबीर उतरवून मामाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “हीसुद्धा भंगारात.” तेव्हापासून मामाने परक्या कागदाकडे डोळा उघडून पाहिलं नाही. नव्या हमालांना तो हा किस्सा पोट धरून हसत सांगायचा.

पुढे कंपनीला एक मोठं गिऱ्हाईक मिळालं. त्याची अट होती, की तुम्हाला मजूर पुरवणारा ठेकेदार माणसांना डांबून राबवत नाही हे तपासून लेखी द्या. कंपनीच्या मालकीणबाईंनी फॉर्म मामाच्या हातात दिला. “मामा, तुमच्याइतका सरळ माणूस मला दुसरा ठाऊक नाही.”

मामा फुगला. त्याने ठेकेदाराचे अकराही मजूर अंगणात रांगेने उभे केले आणि ठेकेदाराच्याच शेजारी उभं राहून खणखणीत आवाजात विचारलं, “तुमच्यावर कुणी जबरदस्ती करतं का?”

“सांगा रे सांगा,” ठेकेदार हसत म्हणाला, “मारतो का मी तुम्हाला?”

अकराही जण हसले. मामाने अकरा वेळा ‘नाही’ लिहिलं.

त्या अकरांत एक बाई होती. बोचकं असं बांधायची की गाठ दिसू नये आणि सुटूही नये, म्हणून सगळे तिला गाठवाली म्हणत. दोन दिवसांनी एका रिकाम्या स्वयंपाकघरात चादरीची टोकं ओढता ओढता ती मान वर न करता म्हणाली, “मामा, असं रांगेत विचारतात होय?”

“मग कसं विचारतात पोरी?”

“आमची ओळखपत्रं त्याच्याकडे आहेत. सगळ्यांची. दोन वर्षं झाली. सोडून गेले तर पोलिसांत चोर म्हणून नाव देईन म्हणतो. माझं मला मिळालं ना, तर मी त्याच दिवशी बहिणीकडे जाईन.”

मामा तडक मालकीणबाईंकडे गेला. बाईंनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, “तो नाही म्हणेल. कार्डं त्याच्याकडे आहेत हे दिसेल असं काहीतरी आणा. मी त्याच दुपारी कामगार अधिकाऱ्यांना बोलावते.”

मामाने गाठवालीला सांगितलं, “मी बघतो. शब्द दिला.”

पंधरा दिवसांनी ठेकेदाराचा बाप वारला. म्हातारा एकटा राहायचा. ठेकेदाराने घर रिकामं करायचं काम मामाच्याच कंपनीला दिलं, आणि ओझी उचलायला माणसं अर्थात त्याचीच. मामा म्हाताऱ्याच्या कपाटाला भिडला. टकटक केली तर खालच्या फळीचा आवाज पोकळ आला. फळीखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, आणि डब्यात रुमालात गुंडाळलेली, एका मापाची गुळगुळीत चवड.

“सापडलं का काही?” ठेकेदार दारातून ओरडला. “म्हाताऱ्याकडे जपायला दिलं होतं माझं एक. कुठे कोंबलं ते न सांगताच गेला. आठ दिवस शोधतोय!”

मामाचा चेहरा उजळला. ज्याची वस्तू त्याला पोचवण्यासारखं सुख त्याला दुसरं नव्हतं. त्याने रुमाल सोडला, चवड पालथी घातली आणि अंगठ्याने कडा मोजल्या. अकरा. पावती फाडली. ‘कागद, नग अकरा.’

“घ्या. आणि इथे सही.”

ठेकेदाराने चवड घेऊन झोकात सही केली. बोचकं काखेत मारून गाठवाली मधल्या दारात उभी होती. तिच्या बाजूने चवड सुलटी दिसत होती, फोटोसकट.

“मामा,” ती म्हणाली, “सगळ्यात खाली माझं होतं.”

मामाचा हात झटकन पुढे गेला. “थांबा. ते जरा इकडे द्या.”

“का बरं?” ठेकेदाराने चवड शर्टात सरकवली. “माझ्या बापाच्या कपाटात सापडलं, सही झाली, विषय संपला. तुमचाच नियम ना, मामा? तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत आता.” मग गाठवालीकडे वळून तो म्हणाला, “तू चल. गाडीत बस. बोचकं राहू दे.”

तिने बोचकं खाली ठेवलं आणि ती गेली.

मामा धापा टाकत बाईंकडे पोचला. बाईंनी पावती उलटून पालटून पाहिली. “नग अकरा. पण कसले? कुणाचे? एक तरी नाव लिहायचंत!”

“मी वाचत नाही हो, बाई.”

तरी बाईंनी अधिकाऱ्यांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकारी आणि मामा मजुरांच्या खोलीवर पोचले. अकरा वळकट्या, एक बादली, दोरीवर अजून ओले कपडे. माणूस एकही नाही. गाडी पहाटेच गेली, कुठे ते ठाऊक नाही, असं घरमालकाने सांगितलं. अधिकाऱ्याने वहीत दोन ओळी लिहिल्या आणि तो निघाला.

“तुम्ही सामान काढणारे ना?” घरमालकाने मामाला थांबवलं. “मग हे काढा की. उद्या दुसरी माणसं यायचीत.”

मामाने दार ओढून पाहिलं. आतल्या बाजूला कडी नव्हती. कडी बाहेरून होती, बोटाएवढी जाड, नव्या स्क्रूंची. मामाने खिशातून पेचकस काढला आणि पहिल्या स्क्रूला लावला.

“अहो, ती नका काढू!” घरमालक म्हणाला. “खोली घेताना ठेकेदार आधी तीच बघतात.”