रबरी सूट आणि सुजाताची सोयरीक

पुण्यापासून समुद्र बराच लांब आहे, ही माहिती मला स्कूबा डायव्हिंगचं सामान विकत घेऊन झाल्यावर बाबांनी दिली. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. पाण्याच्या बाबतीत ते बोलतात कमी, पण लागेल असं.

मी तेव्हा खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नवा होतो. कंपनीने आमच्या टीमला मालवणला सहलीला नेलं. तिथं एका प्रशिक्षकाने माझा हात घट्ट धरून मला दहा मिनिटं पाण्याखाली फिरवलं. मला तीन मासे दिसले (त्यातला एक बहुधा माझाच रबरी पंजा असावा). वर आलो तो पाणबुड्या होऊनच.

त्याच आठवड्यात ऑफिसच्या जाहिरातींच्या पानावर, जुना फ्रिज आणि 'मुलींसाठी खोली' यांच्या मधोमध, 'स्कूबाचा पूर्ण संच, थोडा वापरलेला' असं दिसलं. विकणारे गृहस्थ अमेरिकेला निघाले होते. किती वेळा डायव्हिंग केलंय, असं त्यांनी विचारलं. मी 'बरेचदा' म्हणालो. मग तुम्हाला काही समजवायला नको, असं म्हणून त्यांनी खरोखरच काही समजावलं नाही.

सिलिंडर स्कूटरवर पायांत धरून मी येरवड्याला घरी आणला. आई आनंदली. नंबर न लावता गॅस कसा मिळाला, असं तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि माझ्या बहिणीला, सुजाताला बघायला पाहुणे येणार होते. बघायला म्हणजे नावापुरतं. सुजाता शाळेत शिक्षिका. तिने आणि सिद्धार्थने एकमेकांना कधीच पसंत केलं होतं. त्याचे वडील कांबळेसाहेब मात्र शिस्तीचे, त्यांच्या होकारावर सगळं अडलं होतं. सुजाताने मला एकच गोष्ट सांगून ठेवली होती. "दादा, उद्या फक्त नॉर्मल वाग."

पाहुणे अकराला येणार होते. नऊ वाजता मला काही काम नव्हतं, म्हणून मी सूट घालून बघितला. आत शिरायला अर्धा तास लागला. झिप पाठीवर होती आणि ती ओढायला एक लांब पट्टी होती. मी जीव खाऊन पट्टी ओढली. झिप मानेपर्यंत गेली आणि पट्टी हातात आली.

आरशात चष्मा लावलेली ट्रकची ट्यूब दिसत होती. दोन मिनिटं मला फार समाधान वाटलं. मग सूट काढायची वेळ आली.

मी बाबांना हाक मारली. धरणाच्या भिंतीची करावी तशी त्यांनी माझ्या पाठीची पाहणी केली आणि म्हणाले, "गळती कुठेच नाही."

मग त्यांनी पक्कड लावली. आईने खोबरेल तेल ओतलं, त्याने झिप जागची हलली नाही, पण आता मीच कुणाच्या हातात येईना. आई कात्री घेऊन आली तेव्हा मी तिला अडवलं. कालच घेतलाय, असं म्हणालो. तेवढ्यात बेल वाजली. रस्ता मोकळा मिळाल्यामुळे पाहुणे अर्धा तास लवकर आले होते.

सुजाता आतल्या खोलीत आली. कपाटातून बाबांचा सर्वांत मोठा झब्बा-लेंगा काढून तिने माझ्या हातात दिला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या क्षणी मला तो सिलिंडर गळ्यात बांधून मुळा-मुठा नदीत उतरावंसं वाटलं.

मी बाहेर जाऊन 'जय भीम' म्हणालो आणि बसलो. बसताना कुर्र असा आवाज झाला. झब्ब्याच्या गळ्यातून आणि बाह्यांतून काळं रबर डोकावत होतं. कांबळेबाईंनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. त्याला जरा थंडी वाजते, असं आईने सांगितलं. मे महिना होता, पंखा पाचवर होता आणि माझ्या हनुवटीवरून घाम टपकत होता.

सुजाताने पोहे आणले. मोठा भाऊ या नात्याने मी पहिली बशी कांबळेसाहेबांपुढे धरली. तेलकट बोटांतून ती सुटली आणि त्यांच्या मांडीवर उपडी झाली. उचलायला मी वाकलो तसं रबर गळ्याशी आवळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी जमिनीवर बसलो. पुन्हा कुर्र झालं.

कांबळेसाहेबांनी पोहे झटकले, उठले आणि माझ्या गळपट्टीत दोन बोटं घातली. "आत काय आहे?"

आई-बाबा भिंतीकडे बघू लागले. उत्तर सुजाताने दिलं. "पाणबुड्याचा सूट आहे, काका. दादाने हौसेने घेतला. झिप अडकलीय."

कांबळेसाहेब अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. लिफ्टमधून, विहिरीतून, एकदा तर एका मोठ्या पातेल्यातूनही त्यांनी माणसं बाहेर काढली होती. त्यांनी आईच्या बांगडीतली सेफ्टीपिन मागितली, ती झिपच्या भोकात ओवली, तिला सुतळी बांधली आणि माझ्या पाठीत गुडघा रोवला.

"श्वास पूर्ण सोडा."

एवढं वर्षभरात मला कुणी स्पष्ट सांगितलं नव्हतं. मी श्वास सोडला, झिप उघडली, आणि बाबांच्या होणाऱ्या व्याह्यांसमोर मी बनियन आणि अर्ध्या चड्डीत, तेलाने निथळत, नव्याने जन्मलो.

त्यानंतर त्यांनी कोपऱ्यातला सिलिंडर फिरवून गळ्यापाशी कोरलेले आकडे वाचले. याच्या तपासणीची मुदत केव्हाच संपलीय, यात हवा भरू नका, असं बजावलं. मग सूट उलटसुलट करून म्हणाले, "आणि हा लेडीज आहे."

पोहायला कुठे जाता, हे त्यांनी सहज विचारलं. कुठेच नाही, मला पोहता येत नाही, असं मी सांगून टाकलं. आधी सुजाता हसली, मग सिद्धार्थ, आणि शेवटी शिस्तीचे कांबळेसाहेब डोळे पुसत खुर्चीत बसले. बाबांना म्हणाले, "मुलगी खरं बोलते. मुलगाही बोलतो, जरा उशिरा." त्यालाच आम्ही होकार समजलो.

लग्न छान झालं. पुढच्या उन्हाळ्यात कांबळेसाहेबांनी स्वतः माझं नाव पोहण्याच्या वर्गात घातलं. वर्गात सगळे माझ्या कमरेएवढे. तिसऱ्या दिवशी सहा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "काका, तुम्ही नापास होऊन परत बसलात का?"

मी हो म्हणालो. पुढच्या आठवड्यात ती मोठ्या तलावात गेली. जाताना स्वतःचा फुगवायचा पट्टा मला देऊन गेली. तोही थोडा वापरलेला होता, पण बंद पूर्ण सैल केल्यावर मापाला बरोबर बसला.