उलटेकाकांनी निवडलेलं मशीन

उलटेकाकांच्या हातात कितीही देखणं घड्याळ द्या, आधी ते पालथं पडायचं. तबकडीकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. म्हणून लहानपणी आम्ही त्यांना उलटेकाका म्हणायचो, आणि त्यांना ते चांगलं ठाऊक होतं. "तोंड कुणीही रंगवतं. आतलं मशीन बघावं," एवढं बोलून डोळ्याला भिंग लावलं, की संभाषण संपलं.

बिबवेवाडीत एका जिन्याखाली त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईकासाठी स्टूल नव्हतंच. दुरुस्त झालेलं घड्याळ ते आठ दिवस हातचं सोडत नसत. कधी उताणं, कधी पालथं, कधी कडेवर ठेवून ते किती पुढेमागे होतंय ते बघत बसायचे. माझे बाबा एकदा वैतागून म्हणाले, "अहो, चालतंय ना? मग द्या की!" काका म्हणाले, "तुमची खात्री पटली. माझी पटायचीय." बाबा रिकाम्या हाताने घरी आले.

तीन वर्षांपूर्वी मी एक भारी घड्याळ घ्यायचं ठरवलं. पंचविशीतली हौस, पन्नाशीत जमली. पण एकाच मॉडेलचे दोन प्रकार निघाले. दिसायला अगदी सारखे, आतलं मशीन मात्र एकात जुनं, एकात नवं. इंटरनेटवर वाचून वाचून डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी काकांना रिक्षात घातलं आणि शोरूममध्ये नेलं.

विक्रेता मोठ्या उत्साहाने सांगायला लागला, "सर, जुन्याला रोज चावी द्यावी लागते. नवं एकदा चावी दिली की तीन दिवस बघायला नको."

"बघायचंच नसेल तर घ्यायचं कशाला?" काका म्हणाले. मला हसू आवरेना.

त्यांनी दोन्ही घड्याळं पालथी केली. पाठीला काच होती, मशीन दिसत होतं. नव्याकडे ते जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग जुनं माझ्यापुढे सरकवलं. "हे घे. तीन वर्षांनी आण, तेलपाणी करू." काकांनी सांगितलं म्हटल्यावर विषयच मिटला. घेऊन टाकलं.

आठ दिवसांनी सकाळीच बेल वाजली. दारात काका! जन्मात कुठल्या गिऱ्हाईकाच्या घरी न गेलेला हा माणूस दोन बस बदलून कोथरूडला आला होता, तीन मजले चढला होता. पाणी पुढे केलं तर हातानेच थांबवलं.

"अगं, नवं मशीन सरस होतं. मला तिथेच कळलं. पण ते मला उघडता आलं नसतं, त्याचे सुटे भाग बाहेर मिळत नाहीत. म्हटलं, जुनं घेतलंस तर माझ्याकडे येशील. चुकलं माझं. जा, बदलून आण."

बोलताना ते चष्मा पुसत होते. मी म्हटलं, "काका, मी नाही बदलणार."

"मूर्ख आहेस," ते म्हणाले, आणि मग चहा मागितला.

गेल्या दिवाळीनंतर काका गेले. जिन्याखाली आता मोबाईलची कव्हरं मिळतात. माझं घड्याळ हल्ली दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. तेलपाण्याची वेळ होऊन गेलीय. कंपनीवाले म्हणतात, आणून द्या, लगेच करून देतो. मी रोज सकाळी चावी देते, काटा चार मिनिटं पुढे सारते आणि म्हणते, उद्या नेऊ. ते पहिल्यांदा काकांनीच उघडायचं, असं ठरलं होतं.