उंबऱ्याबाहेरचा पाव्हणा

माझ्या धाकट्या भावानं मरताना एकच गोष्ट मागितली, आणि ती काही स्वर्गातली जागा नव्हती. "ताई," दवाखान्याच्या खाटेवरून तो म्हणाला, "माझी पेटी चर्चमध्ये ठेवतील ना, तेव्हा पाव्हण्याला आत घे. एकदाच. माझ्याजवळ बसू दे त्याला."

पाव्हणा म्हणजे त्याचा कुत्रा.

"घेते की. त्यात काय एवढं?" मी म्हटलं. पण त्यात काय होतं ते मला चांगलं ठाऊक होतं, आणि त्यालाही.

भावाला सगळे घंटावाला म्हणायचे. घंटा वाजवणं हे त्याच्या कामातलं सगळ्यात सोपं काम! बाकं पुसायची, मेणबत्त्यांचं ओघळलेलं मेण सुरीनं खरवडायचं, उपासनेत म्हणायच्या गीतांचे आकडे फळीवर अडकवायचे, छपरातल्या वटवाघळांची घाण लोक यायच्या आत काढायची, आणि वर कुणाची छत्री हरवली की बोलणीही यानंच खायची. त्याबदल्यात चर्चच्या मागची एक खोली. खाट टाकली तर दार अर्धंच उघडायचं. लग्न झालं नाही त्याचं. होणार कसं? नवरीला उभं राहायला तरी जागा नको का?

मी पलीकडच्या गल्लीत इस्त्रीचं दुकान चालवते. पाळकसाहेबांचा काळा झगा माझ्याकडेच यायचा. त्याची कॉलर मी अशी कडक करायचे, की मान वळवली की टोचलीच पाहिजे. चुकून नाही हो, मुद्दाम.

पाव्हणा पिल्लू असताना कुठूनसा आला आणि कुणाला न विचारता खोलीत शिरून भावाच्या चपलेवर झोपला, म्हणून त्याचं नाव पाव्हणा. भाऊ जाईल तिथं मागे मागे. त्याच सुमाराला चर्चमध्ये नवा लाल गालिचा आला होता. एका रविवारी उपासनेच्या थोडं आधी हा शहाणा त्या गालिच्यावर मुतला. पाळकसाहेब तेव्हा नवे होते, तरुण होते, नाकाच्या शेंड्यावर राग. त्यांनी दाराचा लोखंडी अडसर उचलला आणि हाणला. पिल्लाचं केकाटणं मला दुकानात ऐकू आलं. धावत गेले, तर भाऊ पायरीवर त्याला मांडीवर घेऊन बसलेला. मागचा पाय मोडलेला. आत साहेब गालिच्यावर पाणी ओतत होते.

"अरे, बोल की त्यांना!" मी म्हटलं.

"खोली जाईल, ताई."

झालं! तोंड शिवलं ते शिवलंच.

पाय जुळला, पण वाकडा. त्यानंतर पाव्हण्यानं चर्चचा उंबरा कधी ओलांडला नाही. भाऊ आत काम करायचा आणि हा बाहेर, वरच्या पायरीवर, पुढचे पंजे उंबऱ्याला टेकवून त्याच्याकडे बघत बसायचा. ऊन असो, थंडी असो.

काही वर्षांनी पाळकसाहेबांना तो दिसला. म्हणजे दिसायचा रोजच, पण त्या रविवारी उपदेशाला विषय सुचत नसावा. "बंधुभगिनींनो, दाराकडे पाहा!" सगळ्या माना वळल्या. "हा मुका जीव. दार सताड उघडं आहे, अडवायला कुणी नाही. तरी धन्याची आज्ञा मोडून तो आत पाऊल टाकत नाही. आपण देवाच्या आज्ञा अशा पाळतो का?" बायकांनी डोळ्यांना पदर लावले. खजिनदारांच्या बायकोनं तर नंतर पाव्हण्याला बिस्किटं घातली.

तेव्हापासून पाव्हण्याचा दाखला झाला. आज्ञापालन म्हटलं की पाव्हणा, धीर म्हटलं की पाव्हणा, नम्रता म्हटलं की पुन्हा हाच. बाहेरगावचे पाळक आले की साहेब त्यांना तो कौतुकानं दाखवायचे. रविवारच्या शाळेतली पोरं त्याची चित्रं काढायची. चित्रात चारही पाय सरळ.

"ढोंगी मेला!" मी म्हणायचे.

"नाही गं, ते खरंच विसरलेत," भाऊ म्हणायचा. हे तर मला जास्तच झोंबायचं. मारणारा विसरून मोकळा, आणि ज्यानं मार खाल्ला त्याचा पाय थंडीत ठणकतोय.

एकदा घंटेचा दोर बदलायला मी त्याच्या मदतीला गेले होते. हाताला काचू नये म्हणून तो दोराच्या टोकाला फडकं गुंडाळत होता. मी विचारलं, "तुझा कुत्रा उपदेशात आला की तुला वाटतं तरी काय रे?"

"आधी छाती फुगायची," तो हसला. "आता नाही. भीती आणि भक्ती बाहेरून सारख्याच दिसतात, ताई. दोघी गप्प बसतात. पाव्हण्याकडून मी एवढंच शिकलो, आणि तेवढंच साहेबांना सांगता येत नाही."

"आणि तुझं काय? तुझी भीती की भक्ती?"

"दोर धर नीट," तो म्हणाला.

असा माझा भाऊ. छातीत पाणी झालं, दवाखान्यात नेला, आठवडाही काढला नाही त्यानं.

मी पाळकसाहेबांना त्याची इच्छा सांगितली. खोटं कशाला बोलू, ते लगेच हो म्हणाले. "अवश्य, बाई! त्याचा हक्कच आहे तो."

पेटी पुढे ठेवली. त्यानं जन्मभर पुसलेल्या बाकांवर लोक बसले. मी त्याचा जुना स्वेटर घेऊन दाराशी गेले. "चल रे राजा. तुझा धनी आत आहे. ये." पाव्हण्यानं स्वेटर हुंगला. एक पंजा उंबऱ्यावर ठेवला आणि असा थरथरायला लागला की मला बघवेना. मी त्याला उचलायला गेले, तर त्यानं माझं मनगट दातात धरलं. चावला नाही, नुसतं धरलं. आणि त्या म्हाताऱ्या जिवाला पायरीवरच लघवी झाली.

तेवढ्यात मागून साहेबांचा भरून आलेला आवाज. "पाहा! धनी गेला, तरी आज्ञा मोडत नाही!" बाकांवर हुंदके सुरू झाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आज्ञा कसली डोंबलाची, साहेब? अडसराची भीती आहे ती! गालिच्यावर मुतला म्हणून तुम्ही याच दारात त्याचा पाय मोडलात. तो बघा अडसर, अजून कोपऱ्यातच उभा आहे!"

साहेबांनी वळून त्या अडसराकडे पाहिलं. "बाई," ते म्हणाले, आणि खोटं बोलत नव्हते ते, "मला खरंच आठवत नाही हो."

"त्याला आठवतंय," मी म्हटलं. "पेटी बाहेर आणा."

कुणी हलेना. सगळे साहेबांच्या तोंडाकडे बघत बसले. शेवटी कबर खोदणारा बाहेर थांबला होता, तो फावडं टाकून मातीच्या पायांनी लाल गालिच्यावरून चालत गेला आणि त्यानं पेटीला हात घातला. मग बाकीचे उठले. पेटी पायऱ्यांखाली ठेवली. पाव्हणा लंगडत उतरला, सगळीकडून हुंगून आला आणि पेटीला अंग लावून पडला. प्रार्थना तिथंच उन्हात झाली. भावाला दिलेला शब्द मात्र माझ्याच्यानं पाळवला नाही. आत नेते म्हणाले होते मी.

पुढच्या रविवारी साहेबांनी उपदेश केला. जो आत येऊ शकत नाही, त्याच्यासाठी प्रभू स्वतः उंबऱ्याबाहेर येतो म्हणे. फार सुंदर बोलले. बायकांनी पदर लावले. अडसराचं नाव नाही. सोमवारी झगा आला, तो मी चुरगळलेलाच परत पाठवला.

पाव्हणा आता माझ्याकडे आहे. माझ्या दुकानाला शटर आहे, अडसर नाही, गालिचा तर नाहीच नाही. मी रोज हाक मारते, तो शेपूट हलवतो, आणि बाहेरच बसतो.