चुन्याची फुली

आमच्या काचवाल्याइतका संतापी माणूस चाकणपासून तळेगावपर्यंत दुसरा नाही, आणि हे मी सांगतोय, ज्याचा आवाज चढला की घरची मांजर माळ्यावर जाऊन बसते. निघोज्याचा हा गृहस्थ खिडक्यांच्या फुटक्या काचा बदलून देतो. पण बोलतो असा, की त्या तुम्ही त्याच्याच घरच्या फोडल्या आहेत. फोनवर खिडकीचं माप सांगायला जावं, तर "माप तुमीच घ्येतलं, आता बसवा बी तुमीच," म्हणून फोन बंद. वाकडला अकराव्या मजल्यावर एका बाईंनी त्याला बोलावलं, तर त्यांच्या न उघडणाऱ्या खिडकीपुढे हा कमरेवर हात ठेवून उभा. "उघडत न्हाई तिला खिडकी कशापायी म्हनता? भित म्हना की." बाई चहा टाकायच्या विचारात होत्या, तो त्यांनी रद्द केला. हे सगळं मी चालवून घेतो, कारण रस्त्यावरून कंटेनर गेला तरी त्यानं बसवलेली काच थरथरत नाही. माझं डोकं फिरतं ते त्याच्या फुलीपायी.

नवी काच दिसावी, कुणी तिच्यावर धडकू नये, म्हणून तो बोटानं चुन्याची मोठी फुली काढतो. फुली इतरही काढतात. याचा नियम मात्र असा, की ज्यानं काच फोडली त्यानंच ती पुसायची. दुसऱ्या कुणी पुसली तर हा त्या घरी पुन्हा पाऊल टाकत नाही. एका कारखान्यातले साहेब म्हणाले, वाऱ्यानं फुटली. "मग वाऱ्याला धाडा पुसाया," म्हणून हा निघाला. त्या ऑफिसात फुली अजून आहे म्हणतात.

मुलानं वाकडला फ्लॅट घेतला आणि ते मला सगळ्यात शेवटी सांगितलं, त्या दिवशी मी हातातला स्टीलचा तांब्या भिरकावला. तो खिडकीला लागला. मुलगा तडक निघून गेला. आवाज ऐकून शेजारी आले, तेव्हा लाज वाटून मी सांगितलं, चिरंजीवांनी जाताना अंगणातून दगड मारला. काचवाल्यालाही तेच सांगितलं. त्यानं काच बसवली, फुली ओढली, अंगणातले तुकडे वेचले आणि तगरीखालचा पोचा आलेला तांब्या आणून खिडकीत ठेवला. तांब्यावर माझं नाव कोरलेलं होतं.

"दगड भाईरून आला, आन् काच समदी अंगनात?" तो म्हणाला. "लई शाना दगड हाय, राव."

मी त्याला नाही नाही ते बोललो. तोही बोलला. नंतर चाकणला जाता-येता आमच्या फाटकापाशी मोटारसायकल हळू करून तो ओरडायचा, "फुली हाय का?" शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दगडाची गोष्ट बायकोनं मुलाच्या कानावर घातलीच होती. "बाबा खरं सांगतील तेव्हा येईन," असं तो तिला म्हणाला. सणाला आला नाही, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला थेट दवाखान्यात येऊन तिथूनच परत गेला. पट्टी बांधलेली बायको आणि मी, दोघं घरात, आणि समोर ती फुली. मला काचवाल्याचा राग येत होता, मुलाचा येत होता, आणि सगळ्यात जास्त कुणाचा येत होता ते मला माहीत होतं.

शेवटी मीच मुलाला फोन केला. "काच मी फोडली. दगड खोटा," म्हणालो.

तो म्हणाला, "तांब्या सापडला का?"

रविवारी तो आला. त्याच्यासमोर ओल्या फडक्यानं मी फुली पुसली. चुना वाळून घट्ट झाला होता, म्हणून उरलेला कोपरा त्यानं नखानं खरवडला.

आता मुलगा दर रविवारी येतो. काचवाल्याची मोटारसायकल मात्र, रस्त्यावरून कोरी काच दिसल्यापासून, आमच्या फाटकापाशी हळू होत नाही. आवाज आला की मी खिडकीशी जाऊन उभा राहतो, तो सरळ पुढे निघून जातो.