राजवाड्याची दिंडी आणि दोन पंगती

माझ्या आजोबांनी राजाविरुद्ध बंड केलं होतं. हे मी आजवर इतक्या लोकांना सांगितलंय की मोर्च्यात मीही होतो असं ऐकणाऱ्याला वाटावं. प्रत्यक्षात सोसायटीच्या मीटिंगमध्ये मतदानाला मी हात खांद्याच्या वर नेत नाही. तेवढ्यात बाजू बदलायची वेळ आली तर डोकं खाजवत होतो असं म्हणता येतं.

संस्थान होतं देशावरचं, चिमुकलं. युवराजांच्या लग्नासाठी राजेसाहेबांनी रयतेवर पट्टी बसवली आणि तरुणांनी राजवाड्यावर मोर्चा काढला. मोर्च्याच्या पुढे माझे आजोबा. दरवाज्याच्या आत त्यांचे सख्खे थोरले भाऊ, राजाच्या नोकरीत. दरवाजा लावायचा हुकूम झाला, थोरल्यांनी तो लावला. बाहेर धाकट्यांच्या खांद्यावर लाठी बसली आणि पुढे तुरुंग. मग संस्थानं विलीन झाली, राजेसाहेब निवडणुकीला उभे राहिले आणि त्याच रयतेनं त्यांना थाटात निवडून दिलं. राजा-प्रजेचं मिटलं. आमच्या घरातली यादवी तेवढी राहिली.

थोरल्यांची शाखा आता कल्याणला, धाकट्यांची ठाण्यात कोपरीला. मी बंडखोरांचा नातू, पण घर घेतलं डोंबिवलीत, दोघांच्या मधे. त्यामुळे दोन्हीकडे माझ्याकडे फितूर म्हणूनच बघतात.

तसं येणंजाणं आहे. लग्नं, बारशी, सगळ्याला दोन्हीकडचे येतात. फक्त एका पंगतीला बसत नाहीत. कल्याणवाले पहिल्या पंगतीला, कारण ते दरबारचे मानकरी. कोपरीवाले दुसऱ्या, कारण आधी जनता जेवणार, मग पुढारी. या तत्त्वापायी आम्ही बंडखोरांनी पिढ्यान्‌पिढ्या गार भजी खाल्ली आहेत.

यंदा आत्याचं सहस्रचंद्रदर्शन होतं, म्हणजे ऐंशी पार केल्याचा सोहळा. आत्या माझ्या वडिलांची बहीण; वडील आता नाहीत, ती राहते आमच्याकडेच. हॉल ठरला, केटरर ठरला, आणि तिनं एकच अट घातली.

"पंगत एकच उठेल. माझे दोन्ही भाऊ शेजारी शेजारी बसतील आणि मी वाढेन."

दोन्ही भाऊ म्हणजे कोपरीचे काका, तिचे सख्खे. आणि कल्याणचे काका, चुलत. दोघंही सत्तरी ओलांडलेले.

"अगं आत्या, ते ऐकणार आहेत का?"

"ऐकले नाहीत तर पुढच्या वेळी माझ्या तेराव्यालाच भेटतील. तेही दोन पंगतींत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू गोष्टी सांगतोस ना? जेवणाआधी उभा राहा आणि अशी गोष्ट सांग की दोघं बसतील."

हसत म्हणाली, पण डोळ्यांत हसू नव्हतं. मी आठवडाभर तयारी केली. बायकोसमोर तालीमही केली; ती मटार सोलत होती. "फार गोड झालंय," एवढंच म्हणाली. मला ती स्तुती वाटली.

कार्यक्रमाच्या दिवशी ओवाळणं झालं, पानं मांडली गेली आणि मी माइक घेतला. युवराजांचं लग्न, पट्टी, मोर्चा सगळं रंगवलं. मग माझा हुकमाचा एक्का काढला. दोन भावांत भांडण नव्हतंच, मी म्हणालो. आदल्या दिवशी दोघांनी बसून ठरवलं होतं: तू मोर्चा आण, मी दरवाजा लावतो, म्हणजे दोघांचाही मान राहील.

टाळ्यांसाठी मी थांबलो. कोपरीचे काका उठले.

"म्हणजे माझ्या बापाचं बंड नाटक होतं? आणि खांद्याचं हाड मोडलं ते काय, मेकअप?"

"तसं नाही काका..."

तोवर कल्याणचे काकाही उठले. "आणि माझे वडील खाल्ल्या मिठाला फितूर झाले, असं म्हणायचंय का तुला? चारचौघांत?"

"अहो दादा, याला काही माहीत नाही," कोपरीचे काका त्यांना म्हणाले. ते बंडखोर खरे, पण थोरल्या चुलतभावाला अहोजाहो करतात. "हा डोंबिवलीत बसून इतिहास रचतो."

"तेच ना! अरे, दरवाजा लावला तो लावलाच. हुकूम होता. पण दिंडी उघडी ठेवली होती त्यांनी." मग माझ्याकडे वळून, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "दिंडी म्हणजे मोठ्या दरवाज्यातलं छोटं दार. कळलं?"

मला वाटलं, आता कोपरीचे काका उसळणार. पण त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"उघडी होती," ते हळूच म्हणाले. "बाबाही सांगायचे. मोठ्या भावानं आतून हाकही मारली होती, ये म्हणून."

"मग आले का नाहीत?" कल्याणच्या काकांचा आवाज एकदम उतरला. "माझे वडील शेवटपर्यंत विचारायचे. उघडी होती तर आला का नाही?"

"दिंडीतून जायचं तर वाकावं लागतं, दादा. राजवाड्यात मान खाली घालून शिरणार नाही म्हणाले. त्यापेक्षा लाठी बरी."

दोघांकडे अर्धी अर्धी गोष्ट होती, आणि ती जुळायला माझी थाप लागली.

"इथे टेबलखुर्ची आहे," आत्या म्हणाली. "कुणाला वाकायला लागणार नाही. बसा."

दोघं बसले, शेजारी शेजारी. आत्यानं वरणाचं भांडं उचललं, पण पहिली पळी कल्याणच्या काकांच्या सदऱ्यावरच पडली. "असू दे गं अक्का," म्हणत त्यांनी बाही वर केली. कोपरीचे काका त्यांना माझ्याबद्दल सांगत होते, की हा लहानपणापासूनच असा. ते मान डोलावून भात कालवत होते.

आत्या माझ्यापाशी आली.

"चुकीचं सांगितलंस ते बरं केलंस हो."

"मी मुद्दामच..." मी सुरुवात केली.

"नाही. मला माहीत आहे," ती म्हणाली आणि तूप घेऊन परत फिरली.