लागलेल्या एरंडेलाचा वास

आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की बायका हातातलं काम टाकून बघायला जायच्या. मी कधी गेले नाही. एक तर असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि दुसरं म्हणजे चारचौघींत उभं राहायची मला लाज वाटते. मासिकात लोकांचे असे अनुभव छापून येतात, ते मात्र मी एकही सोडत नाही. वाचते आणि मनात म्हणते — काहीतरी कारण असेल, यांना सापडलं नसेल. आता माझ्याजवळच एक गोष्ट आहे, आणि तिचं कारण मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही. चौथीपर्यंत शिकले आहे, चुका होतील. ही वही कुणाला दाखवायची की नाही ते ठरवलेलं नाही. पण समोर वाचणारं कुणी बसलं आहे असं धरून लिहिते, म्हणजे काही सुटणार नाही.

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद चालू होता ती वर्षं. मी सेलूला राहते, आमचे हे तिथं कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. माझं माहेर पेडगाव. सेलूहून परभणीकडे जाताना लागतं, रेल्वेचं स्टेशन आहे. आम्हाला भाऊ नाही. मी थोरली, आणि माझ्याहून सात वर्षांनी लहान शकू. वडील लवकर गेले. माय पेडगावला दोन खोल्यांच्या माळवदाच्या घरात एकटीच राहायची.

शकू तोंडावळ्यानं थेट माय होती. मी वडिलांवर गेले. मायच्या वरच्या पापण्या जड, डोळ्यांवर उतरलेल्या होत्या. बघणाऱ्याला वाटावं, ही बाई आत्ता झोपेतून उठली आहे. शकूचेही डोळे तसेच. मायचा एकही फोटो कुणी काढलेला नाही. हे आधीच सांगून ठेवते.

मायचं एक काम ठरलेलं होतं. बांधावरच्या एरंडीच्या बिया आणून ती घरीच तेल काढायची. बिया भाजायच्या, उखळात कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल पळीनं काढून घ्यायचं आणि त्यातलं पाणी आटेपर्यंत ते पुन्हा चुलीवर ठेवायचं. या शेवटच्या वेळी माय हमखास दारात जाऊन कुणाशी तरी बोलत उभी राहायची. मग भिंतीपलीकडून शेजारची गयामावशी ओरडायची, "सुभद्रे, तेल लागायलंय, बघ की!" दरवर्षी हेच. तेल असं बुडाला लागल्यामुळे आमच्या घरच्या एरंडेलाला एक करपट वास असायचा. दुकानातल्या तेलाला तो कधी आला नाही. आमचे डोळे आले किंवा झोप लागेना झाली की माय तेच तेल अंगठ्यावर घ्यायची आणि पापणीवरून फिरवायची — नाकाकडून कानाकडे, तीनदा. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख विळ्यानं उभं चिरलेलं होतं, ते थोडं टोचायचं. "मीट," म्हणायची, "मीट... नीज आता."

शकूचं लग्न झालं आणि ती मस्कतला गेली. तिचे मालक माधवराव तिथं एका दवाखान्यात एक्स-रे काढायच्या कामावर होते. त्यांना राहायला क्वार्टर होतं. आम्ही एकमेकींना पत्रं कमी लिहायचो. कॅसेट भरून पाठवायचो. पेडगावच्या मास्तरांकडे टेपरेकॉर्डर होता, त्यांच्या ओसरीवर बसून माय ऐकायची आणि तिथंच बोलायची.

एका कॅसेटमध्ये शकू म्हणाली, "माय, इथल्या बाया रोज इचारतात, अभी सोके उठी क्या? फोटोत तर मी निजलेलीच दिसती. इथं पापणीचं आपरेशन करतात. जास्तीची कातडी काढून टाकतात, अर्ध्या तासाचं काम हाय. मी करून घ्यायलीय."

माय उत्तराची कॅसेट भरायला बसली तेव्हा मी शेजारी होते. टेपजवळ तोंड नेऊन ती मोठ्यानं बोलली, "शकू, माझ्या पापण्या तुला जड झाल्या व्हय गं? बरं बाई, तुझी मर्जी. मिटता यायला पायजेत, तेवढं बघ मंजे झालं." आणि हसली. मास्तरांच्या मंडळीही हसल्या.

ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर आठवड्याभरात माय गेली. ताप आला, तिसऱ्या दिवशी संपलं. तार केली. पण शकूच्या डोळ्यांना तेव्हा पट्ट्या होत्या. ती येऊ शकली नाही.

ती आली ती आठ महिन्यांनी. मनमाडला गाडी बदलून, एकटी. माधवरावांना सुट्टी नव्हती. मी सेलूच्या स्टेशनवर घ्यायला गेले होते, आणि खरं सांगते — मी तिला ओळखलं नाही. एक बाई डोळे वटारून माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घालून बाजूला झाले.

"अक्का, मीच हाय," ती म्हणाली.

तिकडच्या डॉक्टरनं कातडी जास्त कापली होती. पापण्या वर ओढल्या गेल्या होत्या. उजवा डोळा कसाबसा मिटायचा. डावा मिटतच नव्हता, मधे करंगळीएवढी फट राहायची. रात्री ती मलम भरून वर चिकटपट्टी लावून झोपायची. दिवसा दर तासाला डोळ्यात थेंब. वारा लागला की पाणी गळायचं. शेजारणी यायच्या, बघायच्या, आणि जाताना काहीतरी बोलून जायच्याच. शकू हसून म्हणायची, "आधी लोक म्हणायचे, झोप झाली न्हाई का. आता म्हणतात, भूत बघितलं का." पण त्या गेल्या की आत जाऊन आरशासमोर उभी राहायची. मग आरसा उलटा करून ठेवायची.

परभणीला डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पिवळं औषध घालून बॅटरीनं बघितलं. म्हणाले, "डाव्या बुबुळावर जखम आहे. डोळा असाच उघडा राहिला तर फूल पडेल, दिसायचं बंद होईल. पंधरा दिवस बघू. नाहीतर मुंबईला जाऊन कानामागची कातडी काढून पापणीला लावावी लागेल."

बाहेर आल्यावर शकू दवाखान्याच्या पायरीवर बसली.

"मी आता कुणाला हात लावू देणार न्हाई, अक्का. डोळा गेला तर जाऊ दे."

"येड्यावानी बोलू नको."

"मायनं सांगितलं होतं की. मिटता यायला पायजेत." तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी चाललंच होतं, त्यामुळे रडते आहे की नाही ते कळेना. "माय रागावलीय. तिचा एक फोटो न्हाई आपल्याकडं. तिचं म्हणून जे होतं ते माझ्या तोंडावर होतं, आन् मी ते कापून फेकलं."

मी तिची पिशवी उचलली आणि म्हटलं, "चल, गाडीची वेळ झाली."

चार दिवसांनी ती म्हणाली, मला पेडगावला ने. त्या दिवशी नामांतरावरून बंद होता. एसटी निघाली नाही, सेलूत एकही दुकान उघडं नव्हतं. पॅसेंजर मात्र आली. भाकरी बांधून घेतल्या आणि आम्ही दोघी गेलो. पेडगावातही किराणा दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर मी या सगळ्याचा फार विचार केला.

मायच्या घराला आठ महिने कुलूप होतं. उघडलं तर सगळीकडे माळवदाची माती पडलेली. चूल थंड, तिच्यात उंदरानं कापूस नेऊन ठेवलेला. कोनाड्यात एरंडेलाची बाटली होती. शकूनं ती घेतली, उन्हात धरली. तळाला पिवळा डाग होता, बस. तो वाळून काचेला चिकटला होता. बूचही निघालं नाही.

"थोडं असतं तर लावलं असतं," ती म्हणाली.

"डॉक्टरनं मलम दिलंय तेच लाव."

आम्ही झाडलोट केली, भाकरी खाल्ली. दीड-दोन वाजले असतील. शकू म्हणाली, जरा पडते. मायच्याच जागी, उखळाशेजारी, तिनं चटई टाकली. चिकटपट्टी आणायची ती विसरली होती, म्हणून डोळ्यावर पदर घेतला. मी अंगणात जाऊन मायच्या गोधड्या उन्हात झटकत बसले. दार माझ्यासमोर होतं. घराला दुसरं दार नाही, मागे भिंत आहे. कुणी आत गेलं नाही. मी उठले नाही, मला डुलकीही लागली नाही.

मग भिंतीपलीकडून हाक आली. "सुभद्रे, तेल लागायलंय, बघ की!"

माझ्या हातातली गोधडी खाली पडली.

थोड्या वेळानं गयामावशी स्वतःच फाटकात आली. मला बघून थबकली, तोंडावर हात ठेवला. "आगं माय... तू हायीस व्हय. सवयीनं हाक गेली बघ तोंडातून. कवा आलाव? आन् गाडीतून उतरल्या उतरल्या एरंडेल काढायला कामून बसलाव?"

"न्हाई मावशी. चूल पेटवली न्हाई आमी."

"मला येडी समजती का? घरभर वास सुटलाय माझ्या."

तोपर्यंत मलाही आला. करपलेल्या एरंडेलाचा... आमच्या घरचा. मी आत गेले. मावशी माझ्या मागोमाग आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

शकू उताणी निजली होती. पदर गळ्यापर्यंत सरकला होता. दोन्ही डोळे मिटलेले होते. डावासुद्धा — पुरता, फट नाही काही नाही. आणि दोन्ही पापण्यांवर तेल होतं. नाकाकडून कानाकडे ओढल्याची रेघ चमकत होती. मी चुलीत हात घालून बघितला. राख थंड होती, उंदराचा कापूसही होता तसाच. बाटली कोनाड्यात, बूच लावलेलं.

मी भ्याले का? भ्यायला हवं होतं. पण मी खाली बसले आणि शकूच्या तोंडाकडे बघत राहिले. मिटलेल्या डोळ्यांनी ती अगदी माय दिसत होती. आठ महिन्यांत मला मायचा चेहरा नीट आठवत नव्हता... तो समोर होता.

गयामावशी एवढंच म्हणाली, "उठवू नको तिला. निजू दे." आणि गेली.

शकू दोन तास झोपली. उठली तेव्हा आधी हात पापण्यांकडे गेला. मग माझ्याकडे बघून, अर्धवट झोपेतच म्हणाली, "अक्का, तुझं नख चिरलंय का गं? टोचायलं होतं मला."

मी माझे दोन्ही अंगठे तिच्यासमोर धरले. माझी नखं मी कापूनच ठेवते, गुळगुळीत असतात. ती बघत राहिली. मग तिनं बोटानं पापणीवरचं तेल पुसलं, वास घेतला... आणि कितीतरी वेळ ते बोट नाकाशी तसंच धरून बसली. संध्याकाळच्या गाडीत बसल्यावर म्हणाली, "रागावलेली न्हाई गं माय." मी म्हटलं, "न्हाई." तिनं खिडकीला डोकं टेकलं आणि सेलू येईपर्यंत झोपली. मिटल्या डोळ्यांनी.

पंधरा दिवस झाल्यावर परभणीला गेलो. डॉक्टरांनी पुन्हा पिवळं औषध घातलं, बराच वेळ बघितलं. जखम भरत आली होती. मुंबईला जायची आता गरज नाही म्हणाले. "पापणी रोज चोळत होता का? चोळून चोळून कधी कधी कातडी सैल पडते."

शकूनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून हो म्हटलं. ते खोटं होतं. भीतीनं आम्ही त्या पापणीला मलमाशिवाय बोट लावलं नव्हतं.

डोळा कसा मिटला याचं कारण डॉक्टरांजवळ आहे, आणि ते खरंही असेल. कातडी त्या सुमाराला सैल व्हायचीच असेल. पण तेल कुठून आलं? दुकानं बंद, बाटली वाळलेली, चूल थंड, दारासमोर मी. शकूनं स्वतः लावलं म्हणावं तर आणणार कुठून? मला भास झाला म्हणावं, तर भिंतीपलीकडच्या म्हातारीला वास कसा आला? मी हे सगळं उलटून-पालटून बघितलं आहे. मला उत्तर मिळालं नाही. मिळालंच पाहिजे असं आता वाटत नाही. त्या दिवसापासून मायचा चेहरा आठवेना याचं माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, ते पुन्हा चढलं नाही.

गयामावशी आता नाही. मायच्या बांधावरच्या बिया आणून दरवर्षी मीच एरंडेल काढते. समोरून हलत नाही, कुणाशी बोलत नाही, तरी शेवटी थोडं लागतंच.

शकूचे मालक नंतर परत आले आणि ती दोघं परभणीतच राहतात. शकूला दोन्ही डोळ्यांनी चांगलं दिसतं. जागेपणी तिचे डोळे अजून मोठे, ओढलेले दिसतात, नवं माणूस विचारतंच. सणावाराला ती माझ्याकडे येते तेव्हा दुपारची जेवणं झाली की मी चटई टाकून देते आणि म्हणते, नीज जरा. ती म्हणते, "मला काय झोप आली न्हाई, अक्का." मी म्हणते, "नीज गं."

ती निजली की मी निवडायचं ताट घेऊन शेजारी बसते आणि मायला बघून घेते.