शकुताईंचा बोल्ट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्यांच्याबरोबर सुट्टीच्या दिवशी उन्हातान्हात हिंडते त्या मंडळींना तर नाहीच. तुम्हालाच का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. एक मात्र आधीच सांगून ठेवते. मला समजूत नको आहे. "जाऊ दे गं, होतं असं" म्हणणारी माणसं मला पैशाला पासरी मिळतील, त्यासाठी एवढं लिहायची गरज नव्हती.

तसं पाहिलं तर गोष्ट एवढीशी आहे. एका प्लास्टिकच्या डबीची. पूर्वी कॅमेऱ्याचा रोल यायचा ना, ती काळी डबी. हसा खुशाल. मीही हसले असते.

आमच्या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी गावात कुठंतरी एक डबी लपवतो, तिच्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतो, आणि बाकीच्यांनी फोन हातात धरून ती शोधायची. सापडली की आतल्या कागदाच्या सुरळीवर नाव लिहायचं, डबी जशी होती तशी परत ठेवायची, आणि ॲपवर ‘सापडली’ म्हणून कळवायचं. बक्षीस नाही, पंच नाही, सगळा कारभार विश्वासावर. आणि नाही सापडली तर ‘नाही सापडली’ असं लिहायचं — चारचौघांना दिसेल असं. हा सगळ्यात साधा नियम, आणि माझ्यासारखीला सगळ्यात जड. आज कोलकात्यात नव्याने येणाऱ्यांना हे नियम मीच समजावून सांगते. फार छान सांगते म्हणे.

या खेळात मला शकुताईंनी आणलं. नवऱ्याची बँकेतली बदली म्हणून आम्ही नाशिकहून इथं आलो, मला न्यू टाउनमध्ये नोकरी मिळाली, आणि इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत एका बाईंनी माझ्या हातात प्रसादाबरोबर स्वतःचा फोन दिला आणि म्हणाल्या, "या बाणाच्या मागं चल, एक गंमत आहे." त्या शकुताई. सत्तरी ओलांडलेली बाई. नवरा रेल्वेत होता म्हणून कोलकात्यात आलेल्या, तो गेल्यावरही गडियाहाटच्या मागच्या गल्लीत एकट्या राहिलेल्या. लेक गौरी पुण्याला चला म्हणून मागं लागायची. ताई म्हणायच्या, "अगं, इथं मासेवाला माझ्याशी रोज भांडतो. पुण्यात माझ्याशी भांडायला आहे कोण?"

नवऱ्याला फोटोंचा नाद होता. त्याच्या मागे पिशवीभर काळ्या डब्या राहिल्या होत्या, त्याच ताई गावभर लपवायच्या. प्रत्येक डबीच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा एक ठिपका. "कुंकू लावलंय," म्हणायच्या. मलाही दोन-चार दिल्या होत्या. नुसती शोधत काय फिरतेस, कधी लपवही की, म्हणून.

आता तुम्ही वाट बघत असाल की मी काय केलं ते सांगेन. सांगते. घाई करू नका — मी घाई केली म्हणून तर हे सगळं झालं.

ताईंनी गंगेकाठी एका घाटावर एक नवी जागा केली. काठाला लांबलचक लोखंडी कठडा, पलीकडे हावड्याच्या फेरीबोटी. ॲपवर त्यांनी एवढंच लिहिलं होतं — ‘ही माझी सगळ्यात चांगली. डोळ्यांसमोर आहे.’ मी लगेच गेले. नाही सापडली. पुढच्या सुट्टीला गेले, त्याच्या पुढच्या. बाकाखाली वाकले, पायऱ्यांच्या फटी चाचपल्या, कठड्याच्या पट्ट्यांखालून बोटं फिरवली. कठड्याला नुकताच निळा-पांढरा रंग दिला होता, तो कुर्त्याला लागला. तिथला चहावाला दर वेळी काय शोधताय म्हणून विचारायचा, "दीदी, की खुँजछेन?" आणि मी दर वेळी म्हणायची, झुमका पडलाय. शेवटी तोही झुमका शोधायला लागला.

‘नाही सापडली’ असं मी एकदाही लिहिलं नाही. का लिहू? ताई फोनवर विचारायच्या, "काय मृणालबाई, चष्म्याचा नंबर वाढला का?" आणि खदखदून हसायच्या. मीही हसायची. आतून नुसता जळफळाट व्हायचा. शहरातल्या अवघड डब्या पहिल्यांदा शोधणारी म्हणून माझं नाव होतं. ते नाव मला हवं होतं, अजूनही हवं आहे. यात लाजण्यासारखं काय आहे, ते मला कधी कळलेलं नाही.

तेवढ्यात बंगळुरूच्या एका गड्यानं जाहीर केलं की रविवारी कोलकात्यात येतोय आणि आल्या आल्या त्याच घाटावर जाणार. या खेळात त्याचं नाव लोक कान पकडून घेतात. तो शोधणार, यात शंकाच नव्हती.

शनिवारी दुपारी मी घाटावर गेले. पर्समधून ताईंनीच दिलेली एक काळी डबी काढली. तिला चुंबक चिकटवलं होतं, आत नवी सुरळी, सुरळीवर पहिल्या ओळीत माझं नाव. कठड्याच्या आडव्या पट्टीखाली ती चिकटवली, आणि चहा पीत ॲपवर लिहिलं — ‘सापडली. पहिली मी.’

या लबाडीला आमच्यात एक सोज्वळ निमित्तही तयार असतं. मूळ डबी हरवली असेल असं समजून मालकाला मदत म्हणून नवी ठेवली, असं म्हणायचं. मी ते सोंगही आणलं नाही. मला पहिलं यायचं होतं, मी आले. रविवारी बंगळुरूकरानं माझी डबी शोधली, माझ्या नावाखाली सही केली आणि काळ्या डबीच्या जागेचं ॲपवर कौतुक लिहिलं. कसं वाटलं? — झकास वाटलं. आता तरी खोटं कशाला बोलू?

इथवरचं मी कुणालाही छाती पुढं काढून सांगेन. डबी ठेवली, हो, ठेवली. खेळातली लबाडी खेळात जिरते. पण त्याच संध्याकाळी ताईंचा फोन आला.

"मृणाल, अगं काळी डबी कशी सापडली तुला? मी तर बोल्ट लावला होता ना."

मग त्यांनी सांगितलं. हावड्यातल्या एका लेथवाल्याकडून त्यांनी एक पोकळ बोल्ट करून घेतला होता. बाहेरून कठड्याच्या इतर बोल्टांसारखाच, पण दोन बोटांनी फिरवला की डोकं निघायचं आणि आत कागद. चहावाल्यासमोरचा खांब, वरून दुसरा.

मला त्या क्षणी सगळं कळलं. नवा रंग. रंगवाल्यानं इतर बोल्टांबरोबर हाही माखून टाकला होता, आणि रंग वाळल्यावर तो घट्ट बसला होता. कुणालाच सापडला नसता, त्या बंगळुरूकरालासुद्धा नाही. एक वाक्य बोलायचं होतं — ताई, मी खोटं लिहिलं, तुमचा बोल्ट रंगाखाली आहे. एवढंच.

मी म्हटलं, "बोल्ट? नाही हो ताई. काळीच डबी होती. बुडाला तुमचं कुंकूसुद्धा होतं की."

त्यांनी मग विचारलं, "आणि कागदावर वरती काही लिहिलेलं होतं का गं?"

"नाही. कोराच होता."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. नंतर "असं होय," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आणि आता खरी गोष्ट. त्या गप्प झाल्या तेव्हा मला बरं वाटलं. माझ्या चष्म्यावर हसणारी बाई आता स्वतःच चाचपडत होती. किती वेळ बरं वाटलं, ते विचारू नका. वाटलं, हे पुरे आहे. डबीपेक्षा याच गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, आणि बघा, किती वळसे घालून इथं आले.

ताई दुखऱ्या गुडघ्यांनी टॅक्सी करून घाटावर गेल्या. वरून दुसरा बोल्ट फिरवून पाहिला, फिरला नाही. मग त्या खांबाचे सगळे, मग शेजारच्या खांबाचे. पट्टीखाली मात्र काळी डबी होती, बुडाला त्यांच्याच हातचं कुंकू. आपलंच कुंकू कोण नाकारणार? त्यांनी दुसऱ्या कुणावर संशय घेतला नाही. माझ्यावर तर नाहीच, मी त्यांनी तयार केलेली मुलगी. त्यांनी स्वतःवर घेतला.

त्याच सुमारास गौरी पुण्याहून आली होती. तिचा मला फोन आला. आवाज रडवेला. "मृणाल, आई घरातली सगळी कपाटं उपसून कुठलातरी बोल्ट शोधतेय. म्हणते, करून घेतल्याचं पक्कं आठवतंय, मग तिथं नाही तर घरात असायला हवा. पिठाच्या डब्यातसुद्धा हात घालून बघितलं तिनं. तुला माहीत आहे का असला काही बोल्ट?"

मी म्हटलं, "नाही बाई. मला नाही माहीत."

दुसऱ्यांदा. या वेळी तर कुणी मला चिडवत नव्हतं, कुणी बंगळुरूहून येत नव्हतं. पहिलेपण माझ्या खिशात पडलेलं होतं. तरी मी खोटं बोलले — का? भिऊन. नियम सांगणारी बाई नियम मोडताना सापडू नये म्हणून. भित्रेपणाला दुसरं नाव मला सुचत नाही.

पुढं फारशी ओढाताण झालीच नाही. इतकी वर्षं मासेवाल्याचं निमित्त सांगून गौरीला परतवणाऱ्या ताई या वेळी स्वतःच म्हणाल्या, "आज बोल्ट विसरले, उद्या गॅस विसरेन. चल, नेतेस तर ने." महिन्याभरात घर रिकामं झालं. निरोपाला मी पोळी-भाजीचा डबा घेऊन हावड्याला गेले होते. गाडी सुटायच्या आधी त्यांनी उरलेल्या काळ्या डब्यांची पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तूच सांभाळ. तुझी नजर चांगली आहे."

मी ती पिशवी घेतली. नाही म्हणायला पाहिजे होतं का? मग आणखी काय काय म्हणायला पाहिजे होतं!

आता सबबी. त्या मला पाठ आहेत, तुम्ही सुचवायची गरज नाही. परक्या गावात मी एकटी पडले होते, तो खेळच तेवढा माझा होता — हे खरं आहे आणि याचा त्याच्याशी काही संबंध नाही. ताई एकदा किल्ली दारालाच विसरल्या होत्या, आज ना उद्या गौरीनं त्यांना नेलंच असतं — हेही खरं असेल. पण किल्लीपायी त्या पुण्याला गेल्या नाहीत. माझ्या शब्दापायी गेल्या. आणि खेळ मी सोडला का? नाही. सोडणारही नाही. प्रायश्चित्त म्हणून कुणी मला घरी बसायला सांगणार असेल, तर त्याने ते आपल्या घरी सांगावं.

तो खांब मला माहीत होता. वर्षभर मी त्या बाजूला फिरकले नाही. या पावसाळ्यात कठड्याच्या रंगाला पोपडे आले. दुर्गापूजा झाल्यावर एका दुपारी फेरीसाठी त्या घाटावर उतरले, आणि पाय आपोआप चहावाल्यासमोर गेले. दुसऱ्या बोल्टाच्या कडेचा रंग सुटला होता. दोन बोटांनी फिरवला. निघाला.

आत सुरळी होती, कोरडी. वरती ताईंचं अक्षर — ‘पहिला जो येईल त्यानं रविवारी माझ्याकडं जेवायला यायचं. इलिश मी करीन, काटे तुमचे तुम्ही काढा.’ खाली सगळा कागद कोरा. म्हणून त्या विचारत होत्या, वरती काही लिहिलं होतं का.

चहावाल्यानं मला ओळखलं. "दीदी, झुमका पेलेन?" झुमका मिळाला का? मी मान हलवून हो म्हटलं.

कागदावर नाव लिहिलं नाही. सुरळी केली, आत ठेवली, डोकं घट्ट बसवलं. जशी होती तशी परत ठेवायची, हा नियम आहे, तो मी पाळला. त्याआधी एक फोटो काढला होता. तो फोनमध्ये आहे. गौरीला पाठवायला एक बोट पुरतं, आणि ते मी अजून उचललेलं नाही.

ताईंना मी फोन करते. सणासुदीला, कधी उगाचच. आवाज बारीक झालाय. पुण्यात त्यांना कुणी बाहेर एकटं सोडत नाही, आणि त्याही हट्ट करत नाहीत. इकडचं तिकडचं बोलून झालं की शेवटी त्या हमखास विचारतात, "मृणाल, तो बोल्ट मी कुठं ठेवला असेन गं?" आणि मी म्हणते, "जाऊ द्या ना ताई."

चहावाल्यासमोरचा खांब, वरून दुसरा. त्यांना सगळं बरोबर आठवत होतं.